पाच जणांत एक ट्रॅकची स्विफ्ट : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५ : गाडी कुठली, माणसं किती

पाच जणांनी मिळून रेस ट्रॅकवर चालवायला एक जुनी गाडी घ्यायची, त्यासाठी दुसऱ्या पिढीची स्विफ्ट ठरली. २०१२ किंवा नंतरची, पेट्रोल, के-सीरिज १,१९७ सीसी, ८४ ते ८७ पीएस. पहिल्या पिढीची १.३ लिटर स्वस्तात मिळते, पण तिची १५ वर्षांची नोंदणी संपलेली किंवा संपत आलेली असते. नूतनीकरणाला ५,००० रुपये फी, फिटनेस तपासणी आणि वर ग्रीन टॅक्स. शिवाय १.३ला टायमिंग बेल्ट आहे, के-सीरिजला चेन. तिसरं कारण आमच्यासाठी सगळ्यांत मोठं. जुन्या बीएस-३ गाड्यांशी स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातली माहिती फोनवर दाखवणारा) नीट बोलत नाही. पाच जण चालवणार म्हणजे आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची) नोंद हवीच, नाहीतर इंजिन गेल्यावर पाच तोंडं पाच दिशांना.

पोलो जीटीचा विषय निघाला होता. वेगवान आहे, पण टर्बो आणि गिअरबॉक्सचा खर्च वाटून घेतला तरी झेपणारा नाही. स्विफ्टचा सस्पेन्शन आर्म, हब, रेडिएटर इथल्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून कोइमतूरपर्यंत कुठेही दुपारपर्यंत हातात पडतो.

माणसं पाचच, आणि ही संख्या गाडीच ठरवते. २० मिनिटं ट्रॅकवर, २० मिनिटं गार व्हायला. नऊ ते पाच, जेवणाची सुट्टी वगळून ४२० मिनिटं. म्हणजे साधारण दहा सत्रं निघतात. पाच जणांना दोन-दोन. आठ जण घेतले तर हजार किलोमीटरवरच्या कोइमतूरच्या करी ट्रॅकला जाऊन एकेक सत्र, आणि त्यातही गाडी नादुरुस्त झाली तर शेवटच्यांच्या वाट्याला फक्त बिल.

सराव म्हणून मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक कोल्हापूरजवळच आहे. वळणातून गाडी न्यायची रेषा आणि ब्रेकिंगचा अंदाज तिथे तयार होतो आणि स्विफ्टचा टायर वाचतो. नवा माणूस आधी तिकडे.

२ फेब्रुवारी : आरसीवर नाव कुणाचं

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४१(१) : एकापेक्षा जास्त मालक असतील तर सगळ्यांच्या वतीने एकाने अर्ज करायचा आणि कायद्यापुरता तोच मालक धरला जातो. चलन, नोटीस, तिसऱ्या व्यक्तीचा दावा, सगळं त्याच्या दारात येणार. म्हणून त्याच्यासाठी करारात दोन कलमं घातली. गाडीवरून येणारा कुठलाही दंड किंवा दावा पाच जणांत समान वाटला जाईल. आणि तो गट सोडून गेला तर ३० दिवसांत फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं जाईल, खर्च सामायिक. २०२१पासून आरसीवर नॉमिनीचं नाव नोंदवता येतं, ते लगेच नोंदवायचं. नाहीतर त्या माणसाचं बरंवाईट झालं तर गाडी घरच्यांच्या नावावर जाते आणि चार जण हात चोळत बसतात.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. ऑक्टोबर २०२४पासून राज्यात १००चा चालत नाही.

गाडी पैसे घेऊन बाहेरच्याला द्यायची नाही, हे ठळक अक्षरात. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहेच, शिवाय नफ्यासाठी चालवली की १९३२च्या भागीदारी कायद्याचा प्रश्न उभा राहतो आणि एकाने केलेल्या देण्याला पाचही जण बांधले जातात. मित्राला ‘एकच लॅप’ हेही बंद. वाद तिथूनच सुरू होतात.

९ फेब्रुवारी : विमा काय देतो, काय नाही

थर्ड पार्टी विमा सार्वजनिक जागेसाठी सक्तीचा, तो चालू ठेवायचा. ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात) शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसारखे वापर स्पष्ट वगळलेले असतात. ट्रॅकवर भिंतीला लागली तर विम्याकडून दमडी मिळणार नाही हे धरूनच चालायचं. त्यामुळे ओन डॅमेजचा हप्ता भरत नाही, ते पैसे राखीव निधीत. गाडी ट्रकवरून नेताना मात्र मालवाहतुकीचा विमा वेगळा काढायचा, तो स्वस्त असतो. प्रत्येकाने आपली अपघात विमा पॉलिसी काढून वगळलेल्या गोष्टींची यादी वाचावी. बऱ्याच पॉलिसींत मोटारस्पोर्ट बाहेर असतं.

नुकसानीचे तीन खण केले.

एक, झीज : टायर, पॅड, क्लच, बेअरिंग. चालवलेल्या किलोमीटरमागे जमा होणाऱ्या निधीतून.

दोन, चालवणाऱ्याच्या हातून झालेलं : ट्रॅकबाहेर जाणं, धडक, चुकीचा गिअर. खर्च त्याचा, पण गाडीच्या लिहून ठेवलेल्या किमतीपर्यंतच. वरचा बोजा कुणावर नाही, गाडी भंगारात.

तीन, ज्याचं कारण सापडत नाही : राखीव निधीतून, आणि कोण चालवत होता याला महत्त्व नाही. पिस्टन रिंग काही त्याच लॅपला झिजलेली नसते.

दोन आणि तीनमधली सीमारेषा आरपीएमची नोंद ठरवेल. इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ लागलं की रेव्ह लिमिटर पेट्रोल तोडतो, पण पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला तर चाकं इंजिनला ओढतात, तिथे लिमिटर काहीच करू शकत नाही. नोंदीत लिमिटरच्या वरचा आकडा दिसला की खण दोन. अडॅप्टरकडून दहा गोष्टी मागितल्या तर प्रत्येकीचं वाचन विरळ होतं आणि सेकंदभराची उसळी निसटते. म्हणून तीनच मागायच्या : आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान.

२ मार्च : खरेदीची तपासणी

कोल्हापूर-सांगलीकडची जुनी गाडी म्हटलं की पहिली शंका पुराची. २०१९ आणि २०२१मध्ये पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. आतल्या पट्टीवर गाळाची रेघ असते, कारण तिथवर कुणी धूत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालची वायरिंग, ईसीयूच्या (गाडीच्या संगणकाच्या) कनेक्टरमधली हिरवट पूड. एक गाडी याच कारणाने नाकारली, इंजिन उत्तम असूनही.

घेतलेली गाडी : २,१०,००० रुपये. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टरची कनेक्शनं काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन घेतलं. चारही सिलिंडरमधला फरक १ बारच्या आत. पुढच्या अ‍ॅप्रनचे (बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्यांचे) कारखान्यातले स्पॉट वेल्ड शाबूत, म्हणजे पुढून मोठी धडक झालेली नाही. डाव्या ड्राइव्हशाफ्टचा बूट फाटलेला, इंजिनचं एक माउंटिंग बसलेलं, पुढच्या लोअर आर्मचे बॉलजॉइंट सैल. हे सगळं बदलायचंच होतं, पण भावात धरून घेतलं.

३० मार्च : पिंजरा, पहिला प्रयत्न नामंजूर

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छत दबू न देणारा नळ्यांचा पिंजरा, बसवला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे हा गाडीतला फेरफार होतो, आणि हेल्मेटशिवाय केजच्या गाडीत बसणं तसंही धोक्याचं. साध्या धडकेत डोकं नळीवर आपटतं. तेव्हा ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ट्रकवरूनच जाणार. आरसी जिवंत ठेवायची, म्हणजे उद्या केज काढून विकता येईल.

मागचा अर्धा केज, बोल्टने बसणारा. माप एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) परिशिष्ट जे, कलम २५३वरून : मुख्य कमान ४५ × २.५ मिमी, मागचे तिरके आधार आणि कर्ण ४० × २ मिमी, कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टील, ताण सहन करण्याची क्षमता किमान ३५० न्यूटन प्रति चौ. मिमी. दुकानदार ‘तसलाच आहे’ म्हणून ईआरडब्ल्यू पाइप पुढे करतो. तो पत्रा वाकवून शिवण मारलेला असतो, आत बोट घातलं की शिवण लागते. तो घ्यायचा नाही. मिल टेस्ट सर्टिफिकेट मागायचं. फौंड्रीच्या गावात ते मागितल्यावर कुणी डोळे वटारत नाही.

वाकवण्यात घोळ झाला. उद्यमनगरात पाइप बेंडिंगवाले गल्लोगल्ली आहेत, पण बहुतेकांची यंत्रं फर्निचर आणि सायलेन्सरच्या पाइपासाठी. बाक आतून चपटा झाला. नियम असा : बाकाची त्रिज्या, मध्यरेषेवर मोजून, व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ४५च्या नळीला १३५ मिमी. आणि बाकात सगळ्यांत कमी व्यास भागिले सगळ्यांत जास्त व्यास ०.९च्या खाली जाता कामा नये. व्हर्नियरने मोजलं : ४१.० आणि ४६.४. भागाकार ०.८८. दिसायला कमान छान होती, पण उलटल्यावर ती तिथेच घडी पडली असती. भंगारात दिली.

१३ एप्रिल : पिंजरा, दुसरा

मँड्रेल (नळीला आतून आधार देणारा दांडा) असलेल्या सीएनसी बेंडरवर कमान करून घेतली. ४३.९ आणि ४५.७, भागाकार ०.९६. पाइपाचा दर तोच, वाकवण्याची मजुरी जवळपास तिप्पट, आणि ती वाजवी आहे.

पायाच्या पट्ट्या ३ मिमी जाड, १०० × १२० मिमी, म्हणजे किमान १२० चौ. सेंमीची अट पूर्ण. पत्र्याच्या खालून तशीच उलट पट्टी, प्रत्येक पायाला तीन एम८ बोल्ट, ग्रेड ८.८. हार्डवेअरच्या दुकानात बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं आहे का ते बघून एकेक निवडायचा, पिशवीत ४.६चे मिसळलेले असतात. मागचे आधार उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त तिरके, शॉकअ‍ॅब्जॉर्बरच्या डोक्याजवळ उतरवले. तिथला पत्रा जाड आहे.

२७ एप्रिल : एक सीट, पाच उंच्या

एकट्याच्या गाडीत सीट एकदा बसवली की काम संपतं. इथे सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटका यांच्या खांद्यांत बसल्यावर ९ सेंमीचा फरक आहे. सहा-पॉइंट हार्नेसचे (सहा ठिकाणी बांधलेल्या रेसिंगच्या सीटबेल्टचे) खांद्यावरचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून ० ते २० अंशच खाली उतरलेले हवेत. जास्त उतरले तर धडकेत मणका खाली दाबला जातो. ज्याला ते पट्टे बांधलेले असतात तो दांडा खांद्याच्या वर गेला तर पट्टा खांद्यावरून निसटतो.

हिशेब असा. खांद्यापासून हार्नेसचा दांडा ३० सेंमी मागे. २० अंशांची मर्यादा म्हणजे ३० × ०.३६४, साधारण ११ सेंमीचा उतार. दांडा सगळ्यांत बुटक्याच्या खांद्याच्या बरोबर रेषेत लावला, तर उंच माणसाला ९ सेंमी उतार मिळतो, म्हणजे १७ अंशांच्या आत. बसतं. बुटका माणूस सीट पुढे ओढतो तेव्हा अंतर वाढतं, पण त्याचा उतार शून्यच असल्याने फरक पडत नाही. दांडा कमानीलाच वेल्ड करायचा असल्यामुळे हे पाचही जणांना हेल्मेट घालून बसवूनच मोजलं. मोजमाप घरून फोनवर कळवलेलं चालत नाही.

बकेट सीट सगळ्यांत रुंद कमरेच्या मापाची, दोन्ही बाजूंना लॉक होणाऱ्या स्लायडरवर. एकाच बाजूला लॉक असेल तर सीट तिरकी हलते. बाकीच्यांसाठी कडक फोमचे कप्पे, प्रत्येकाच्या नावाचे. मऊ उशी अजिबात नाही, धडकेत ती दबते आणि तेवढा हार्नेस सैल पडतो. कंपनीच्या सीटवर सहा-पॉइंट बांधायचा विचार कुणी केला असेल तर : मांड्यांमधल्या पट्ट्याला तिथे भोक नसतं, आणि तो नसला की माणूस पट्ट्याखालून घसरतो. केज, बकेट आणि हार्नेस हे त्रिकूट आहे, यातलं एकच घ्यायचं नसतं.

एफआयएच्या हार्नेसची मुदत पाच वर्षं, लेबलवर छापलेली. गाडी चालो न चालो ती संपते. म्हणून हार्नेस आणि सीट किलोमीटरच्या खात्यात नाहीत, वार्षिक खर्चात.

हेल्मेट ज्याचं त्याचं. स्नेलच्या प्रमाणपत्रांपैकी मोटार शर्यतीचं एसए, मोटारसायकलचं एम नाही. एसएमध्ये आग झेलणारं अस्तर असतं आणि केजच्या नळीवर आपटण्याची वेगळी चाचणी.

१८ मे : ब्रेक

पुढे डिस्क, मागे ड्रम, तसेच ठेवले. पुढचे पॅड जास्त तापमानाचे. ब्रेक ऑइल डॉट ५.१ : कोरडं असताना उत्कलनबिंदू किमान २६० अंश, पाणी शोषल्यावर १८०. साध्या डॉट ३चे आकडे २०५ आणि १४०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते या सिस्टिममध्ये घालायचं नाही; नाव सारखं म्हणून दुकानदार देतो.

एक लिटर नवं पूर्ण वापरून जुनं सगळं बाहेर काढलं. मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

ब्रेक कमी लागतोय असं वाटलं तर कारण दोन्हीपैकी कुठलं, हे पाचही जणांना पाठ हवं. पेडल मऊ होऊन खाली जातंय : ऑइल उकळलं, पंप करत पिटमध्ये या. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही : पॅड तापले, एक लॅप हळू काढा. पॅड ५ मिमीला बदलायचे. रस्त्यावर २-३ मिमीपर्यंत चालतात, ट्रॅकवर पातळ पॅडमधून उष्णता थेट कॅलिपरमध्ये आणि ऑइलमध्ये जाते.

१ जून : किलोमीटरचा दर

ठरावीक खर्च (शेड, थर्ड पार्टी, हार्नेस-सीटचा घसारा) समान : माणशी महिना १,५०० रुपये. भिशीसारखं एकाच तारखेला, एकाच खात्यात. ट्रॅकची फी आणि ट्रकभाडं त्या वेळी जाणाऱ्यांत. झीज मात्र चालवेल त्याची :

टायरचा संच २२,००० ÷ ९०० किमी = २४
पुढचे पॅड ४,५०० ÷ ४५० = १०
डिस्कची जोडी ४,४०० ÷ १,१०० = ४
इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल ३,६०० ÷ ३०० = १२
इंजिन-क्लच-गिअरबॉक्स राखीव = २०

एकूण ७० रुपये किमी, पेट्रोल वेगळं. करी मोटर स्पीडवेची लॅप २.१ किमी, २० मिनिटांत बारा लॅप धरल्या तर २५ किमी, म्हणजे सत्राला १,७६० रुपयांच्या आसपास. अंतर ट्रिप मीटरवरून घ्यायचं, लॅप मोजून नाही. आउट लॅप आणि कूल-डाउन लॅप कुणीच मोजत नाही.

भागाकारातले किलोमीटर सध्या अंदाजाचे आहेत. पहिल्या ट्रॅक डेनंतर प्रत्यक्ष झिजेवरून बदलायचे, मागील हिशेब न उकरता.

६ जुलै : पावसाळ्यासाठी उभी केली

शाहूपुरीतलं शेड निम्म्या भाड्यात मिळत होतं, पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आली की तिकडच्यांची धावपळ सुरू होते, आणि ४३ला धोका पातळी. गोकुळ शिरगावच्या बाजूला उंचावर घेतलं.

हँडब्रेक सोडलेला, चाकांना लाकडी ठोकळे. दमट हवेत ड्रमला लायनिंग चिकटतं. बॅटरीची ऋण तार काढलेली. टायर ४० पीएसआय. पेट्रोलची टाकी पूर्ण भरलेली. अर्धी ठेवली तर वरच्या हवेतला ओलावा पेट्रोलमधलं इथेनॉल ओढून घेतं. सायलेन्सर आणि एअर फिल्टरच्या तोंडाला तारेची जाळी, कारण शेजारी ऊस आहे आणि उंदरांना वायरिंग आवडतं. पंधरा दिवसांनी गाडी हातभर पुढे ढकलायची, टायर एकाच जागी चपटे होऊ नयेत. पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करायची सवय वाईट. इंजिन गरम होत नाही आणि ऑइलमध्ये पाणी जमतं.

१६ नोव्हेंबर : करीनंतरची मोजमापं

टायर थंड असताना २९ पीएसआयने सुरुवात, पिटमध्ये आल्या आल्या ३५चं लक्ष्य. साधारण साडेपाच अंश तापमानाला १ पीएसआय वाढतं. पहिल्या माणसाने ३५ला आणून सोडलेली हवा पुढच्याने २० मिनिटांनी मोजली तर ३२ दिसते आणि तो पुन्हा भरतो; मग तिसऱ्याच्या हातात फुगलेला टायर. नियम : हवा फक्त सत्र संपताच बघायची, आणि फक्त कमी करायची. भरायची असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

सत्रानंतर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या ड्रमवर शू दाबून राहिले की ड्रम गार होताना वाकडा होतो. पहिला गिअर आणि ठोकळा.

चाकाचे नट गार झाल्यावर टॉर्क रेंचने ८५ न्यूटन मीटर. दुपारी पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट थोडे फिरले. चाक नवं बसवल्यावर पहिल्या सत्रात हे होऊ शकतं.

पॅड अंदाजापेक्षा कमी झिजले. टायर उलट : पुढच्या दोन्ही टायरचा बाहेरचा खांदा गेला, आतला भाग जवळजवळ नवा. कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा तिरकेपणा) शून्याच्या आसपास असल्यामुळे वळणात टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. पुढच्या स्ट्रटच्या भोकात कॅम्बर बोल्ट घालून दीड अंश ऋण करायचं, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकवायचं, आणि त्यानंतर टो (वरून पाहिल्यावर चाकाची दिशा) पुन्हा बघायचा, तो हमखास बदलतो. तोवर टायरचा भाजक ९०० ऐवजी ६००, म्हणजे ३७ रुपये. नवा दर ८३.

आरपीएमच्या नोंदीत लिमिटरच्या वर काही नाही. कूलंट शेवटच्या सत्रात चढलं होतं. रेडिएटरपुढच्या एसीच्या कंडेन्सरच्या पंखांत रबराचा चुरा अडकलेला. मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुतला. प्रेशर वॉशरने पंख आडवे होतात.

२१ डिसेंबर : एक हिस्सा बदलतोय

एक जण नोकरीनिमित्त बाहेरगावी चालला. कराराप्रमाणे हिस्सा आधी उरलेल्या चौघांना देऊ करायचा, ३० दिवस. किंमत ठरवायची पद्धत आधीच लिहिलेली : गाडीची आजची बाजारकिंमत (केज काढून, कंपनीच्या सीटसह), अधिक सुट्या भागांची निम्मी किंमत, अधिक बँकेतली शिल्लक, भागिले पाच. केजवर झालेला खर्च त्यात येत नाही. तो परत मिळत नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

चौघांपैकी कुणाला दुसरा हिस्सा नको आहे. नवा माणूस घ्यायचा तर तो आधी सीटवर हेल्मेटसकट बसवून मोजायचा. बसलेल्या खांद्याची उंची हार्नेसच्या दांड्याच्या रेषेपासून वर ० ते ११ सेंमीच्या आत असेल तरच पुढचं बोलणं. कॅम्बर बोल्ट आलेत, अलाइनमेंट पुढच्या आठवड्यात.